सुप्याची पेठ आणि सावकाराची वही

सुपे या नावाची दोन गावे आपल्या बाजूस सर्वांच्या ऐकण्यात आहेत. एक पुण्याहून नगरास जाताना लागणारे, पारनेर तालुक्यातील. तेथे सांप्रत कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली आहे. दुसरे बारामती तालुक्यातील, चौफुल्याहून मोरगावास जाणाऱ्या सडकेवरचे. अष्टविनायकांच्या यात्रेस निघालेली कुटुंबे मयूरेश्वराच्या दर्शनासाठी या सडकेने जातात आणि मुलांना भूक लागली तरच सुप्यात थांबतात. थांबून पाहण्यासारखे येथे काही आहे, असे त्यांस कोणी सांगितलेले नसते. शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे व सुपे हे परगणे शाळेच्या पुस्तकात जोडीने येतात. शिवाजीमहाराजांनी आपल्या सावत्र आईचे बंधू संभाजी मोहिते यांजकडून हे ठाणे घेतले, एवढेही पुष्कळांस आठवते. परंतु ज्या गोष्टीमुळे सुप्याचे नाव विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत पोहोचले, ती गोष्ट राजाची नव्हे आणि ठाण्याचीही नव्हे. ती वाण्याच्या दुकानातील वह्यांची आहे.

गेल्या वैशाखात मी मुद्दाम त्या गावी गेलो. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस येथवर येईतो निम्माशिम्माही उरत नाही. माळ, बाभळी, बोरी, मधूनच मेंढ्यांचे कळप, आणि चिंकारा हरणांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य. बाजरी आणि शाळू ही येथील जुनी पिके. जनाई-शिरसाई उपसा योजनेचे पाणी जेथे पोहोचले तेथे हिरवी पट्टी दिसते. जेथे पोहोचले नाही तेथील जमीन पाहिली म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी येथील कुणबी दुकानदाराच्या ओट्यावर का येऊन बसत असे, हे पुस्तकावाचून कळते.

त्या काळचे खेड्यातील दुकान म्हणजे आजच्या अर्थाने नुसते किराणा दुकान नव्हते. मीठ, गूळ, तेल, तंबाखू, दोरखंड, लुगडे, मुंडाशाचे कापड, पेरणीचे बी हे सर्व तेथे मिळे. आणि तेथेच सुगीनंतरचे धान्य विकले जाई. सरकारचा सारा रोख भरावा लागे व हप्त्याची तारीख पिकाची वाट पाहत नसे. म्हणून साऱ्याचे पैसेही त्याच ओट्यावरून उचलावे लागत. लग्न, बारावे, मेलेला बैल, खचलेली विहीर, या सर्वांस एकच दार. विकणारा, विकत घेणारा आणि कर्ज देणारा असा तीन रूपांचा तो एकच पुरुष. सुप्यासारख्या बाजारपेठेत हे दुकानदार बहुतेक गुजराती व मारवाडी होते.

या दुकानाचा खरा जीव त्याच्या दप्तरात असे. रोजकीर्दीत दिवसाच्या क्रमाने प्रत्येक देवघेव उतरावयाची. एका अंगास जमा, दुसऱ्या अंगास नावे, आणि खाली शिल्लक. कीर्दीवरून खतावणीत माणसावार खाते घालावयाचे. यांखेरीज कर्जरोख्यांची थैली निराळी. वह्या लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. कागदावर रेघा आखीत नसत, घड्या घालून रकाने पाडीत. माथ्यावर श्री. आपल्याकडील वही असली तर शालिवाहन शक आणि मोडी लिपी. मारवाड्या-गुजरात्यांची असली तर विक्रम संवत्, नवे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, आणि लिपी त्यांची त्यांची, बहुधा काना-मात्रा गाळलेली.

आकड्यांची रीतही सांगण्यासारखी आहे; कारण आजच्या मुलांना ती ठाऊक नाही आणि पावकी-निमकी त्यांच्या कानांवरून कधी गेलेली नाही. रुपयांच्या अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे पावली, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. लिहिण्यास सुटसुटीत खरे. परंतु एक रेघ मागाहून वाढविली तर चार आणे वाढतात आणि रेघेस हस्ताक्षर नसते! म्हणूनच सावध लेखक रोख्यात रकमेशेजारी तिचे निम्मेही अक्षरांनी लिहीत, जेणेकरून एक आकडा कोणी फिरविला तर दुसरा साक्ष देईल. मात्र ही सावधगिरी ज्याला वाचता येते त्याच्या उपयोगाची. ज्याच्या नावे तो रोखा असे, त्याला त्यातील फक्त आपली निशाणी ओळखता येई.

तारीख १२ मे १८७५. बुधवार, सुप्याचा बाजारदिवस. आसपासच्या खेड्यांतून आलेले लोक दुकानदारांवर चालून गेले. त्यांनी मागितले ते पैसे नव्हेत. त्यांनी वह्या आणि रोखे मागितले, आणि हाती लागले ते पेठेत आणून जाळले. धान्याची दुकाने लुटली गेली व काही घरांसही आग लागली, हे खरे आहे. तथापि पुढे सरकारी चौकशीत एक गोष्ट स्पष्ट दिसून आली की, माणसांवर हात टाकण्याचे प्रकार थोडे घडले. ज्या सावकाराने आपले कागद मुकाट्याने काढून दिले त्याला बहुधा कोणी धक्का लावला नाही. एक अहोरात्र उलटते न उलटते तोच सुप्यापासून सुमारे चौदा मैलांवरील केडगावी एका मोठ्या मारवाडी सावकाराचे घर जळाले. (पंडिता रमाबाईंच्या मुक्ति सदनामुळे वाचकांस जे केडगाव ठाऊक आहे, तेच हे.) मग हे लोण भीमथडीतून शिरूर, इंदापूर, पुरंदरकडे आणि नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पसरले. तीसांहून अधिक गावांत दंगे झाले. साडेनऊशेच्या आसपास लोक धरले गेले व त्यांपैकी सुमारे पाचशेंवर अपराध शाबीत झाला.

हा भडका एकाएकी उडाला असे मात्र नव्हे. आदल्या वर्षाच्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी एका देशमुखाचे घर सावकाराने हुकूमनाम्यात घेऊन पाडले. तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी त्यांची हजामत करीना, परीट धुणे नेईना, पाणक्या पाणी भरीना, आणि त्यांची शेते वाहण्यास कोणी मिळेना. लगतच्या गावांनीही तोच मार्ग धरला. बहिष्कारापासून वह्या जाळण्यापर्यंत सहा महिनेही गेले नाहीत.

आता वहीचा एवढा राग का, याचे उत्तर अंकगणितात आहे, आणि जुन्या मास्तरास ते फळ्यावर मांडण्याचा मोह आवरत नाही. समजा, एकाने शंभर रुपये काढले. व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये. तीन वर्षांत व्याज झाले ७२. इंग्रजांनी १८५९ साली मुदतीचा कायदा केला, त्याने अशा रोख्यावर फिर्याद करण्यास तीनच वर्षांची मुदत राहिली. हेतू चांगला होता. जुन्यापुराण्या कागदांवरून कुळास छळता येऊ नये. परंतु घडले उलटे. तिसरे वर्ष संपत आले की सावकार म्हणे, फिर्याद करू की नवा रोखा लिहून देतोस? मग मुद्दल १०० आणि व्याज ७२ मिळून १७२ चा नवा रोखा होई आणि ते सर्वच मुद्दल ठरे. सहाव्या वर्षाअखेर सुमारे २९६, नवव्याच्या ५०९, बाराव्याच्या ८७५. चौकशीत तर असेही उघडकीस आले की, एका ठिकाणी शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांवर व्याज लावलेले होते. हे सर्व हिशेबास सोडून नव्हते. हिशेब बरोबर होता. तोच तर अनर्थ.

ज्यांनी धर्मशास्त्र वाचले आहे ते येथे विचारतील, आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता, तो कोठे गेला? अठरा व्यवहारपदांत ऋणादान हे पहिले पद, आणि एकरकमी उचललेल्या कर्जाचे व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये, हे मनूने स्पष्ट सांगितले आहे. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हिंदू ऋणकोपुरता हा नियम मानीत. परंतु त्याच मनुस्मृतीत दोनचार श्लोक पुढे जावे. ऋण फेडण्यास असमर्थ झालेल्याने लेख बदलून द्यावा, आणि व्याजही देता येत नसेल तर ते नव्या लेखात घालावे, अशी मोकळीक दिलेली आढळते. दुप्पट कशाची? मुद्दलाची. मुद्दल कोणते? ताज्या रोख्यातील. झाले! पुढच्या दाराला लावलेली कडी मागच्या दाराने निघाली. शास्त्रकारांच्या मनात ही सोय संकटात सापडलेल्या ऋणकोची होती याविषयी मला शंका नाही. पण सोय कोणाची हे शेवटी लेखणी कोणाच्या हाती आहे यावरून ठरते.

याज्ञवल्क्याने तर लेख्याविषयी इतके बारकाईने सांगितले आहे की आजच्या दस्तनोंदणी कारकुनाने मान डोलवावी. वर्ष, मास, पक्ष, तिथी, नाव, जाती, गोत्र, पित्याचे नाव, साक्षी. अंशतः फेड केली तर लेखाच्या पाठीवर ती नोंदवावी, अथवा धनकोने स्वहस्ताक्षराची पोच द्यावी. आणि ऋण फिटले की तो लेख फाडून टाकावा. चौकशी मंडळापुढे रयतेने ज्या तक्रारी केल्या त्या याच्याशी ताडून पाहाव्या. भरलेल्या पैशांची पावती मिळत नाही. फिटलेला रोखा परत येत नाही. न घेतलेल्या रकमा नावे पडतात. नगर जिल्ह्यातील मिरजगावच्या एका रयतेच्या अर्जात असेही आहे की, कापड व धान्य उधारीने घेतले तर रोखीपेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के अधिक दर पडतो. म्हणजे व्याज एकदा भावात आणि एकदा रोख्यात!

सुप्याच्या पेठेत हिंडताना हेच विचार मनात घोळत होते. एका किराणा दुकानाच्या दारी सावलीस उभा राहिलो. दुकानात प्लास्टिकच्या बरण्या, फोनवरून पैसे घेण्याचा तो चौकटीचौकटींचा कागद, हिशेबाचे यंत्र, सर्व काही. आणि गल्ल्याशेजारी सुतळीने बांधलेली पेन्सिल व एक वही. दुकानदार पंचेचाळिशीचा, बोलका. मी विचारले, "शेठ, यंत्र असताना वही कशाला?" तो म्हणाला, "गुरुजी, यंत्रात रोखीचं. उधारी वहीतच बरी. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत लिहिलं म्हणजे त्याला पटतं, आणि पैसे आले की त्याच्यासमोरच पान फाडून त्याच्या हातात द्यायचं." याज्ञवल्क्य त्याने वाचला असण्याचा संभव नाही. मी गुळाचा एक खडा घेतला. त्याने पैसे घेतले नाहीत, तेव्हा आग्रहाने दिले. उधारी नको!

वह्या नाहीशा करण्याची आणखी एक कथा याच पुणे जिल्ह्यातील आहे, आणि ती प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. देहूस तुकोबांच्या घराण्याकडे गावची महाजनकी होती. दुकान होते, लोकांकडे येणेही होते. दुष्काळानंतर वैराग्य झाले तेव्हा तुकोबांनी रोख्यांची वाटणी केली. धाकट्या भावाचा अर्धा हिस्सा त्याला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला, अशी परंपरेने आलेली हकीकत आहे. अभंगांच्या वह्या बुडाल्या आणि तरल्या, ती कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो. या आधीच्या बुडविण्याकडे मात्र तितके लक्ष देत नाही. भावाचा वाटा त्यांनी बुडविला नाही, हेही मला लक्षात घेण्यासारखे वाटते. दुसऱ्याच्या येण्यावर आपण उदार होऊ नये, हा व्यवहार त्या विरक्तालाही सुटला नव्हता.

सुप्यात जळालेल्या वह्यांतील काहीही आज वाचावयास मिळत नाही. परंतु विलक्षण असे की, त्या जळाल्या म्हणूनच इतर वह्या वाचल्या गेल्या. सरकारने चौकशी मंडळ नेमले. त्याने गावोगावच्या सावकारांची खाती, रोखे, रयतेच्या जबान्या, पिकांचे भाव आणि व्याजाचे दर यांचा ढीग गोळा करून अहवालास जोडला. १८७८ साली तो पार्लमेंटापुढे गेला. एरवी ज्या कुणब्याने बैलासाठी किती रुपये काढले हे त्याच्या नातवासही कळले नसते, त्याचा हिशेब आज इतिहासाच्या अभ्यासकांपुढे आहे. अर्थात हे सरकारी कागद आहेत, याचा विसर पडू देऊ नये. मंडळाचा निष्कर्ष असा की, दोष सावकाराचा. इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ साली बसविलेला सारा तीस वर्षांनी नव्याने ठरविताना पुष्कळ गावांत दीडपटीच्याही वर गेला होता, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी संपून कापसाचा व त्याबरोबर इतर मालाचा भाव कोसळला होता. परंतु साऱ्याचा बोजा हे दंग्याचे कारण नव्हे, असे सरकारी मंडळाने सांगावे यात आश्चर्य नाही. दुकानदाराची वही जाळता आली. सरकारचे साऱ्याचे दप्तर कोणी जाळले नाही.

याच अहवालातील एक वाक्यार्थ आपल्या घरांत वाचला जावा असा आहे. दंग्यात त्रास झाला तो जवळजवळ सर्वस्वी मारवाडी व गुजराती सावकारांस. ज्या गावांत त्यांच्या जोडीने ब्राह्मण व इतर जातींचे लोकही सावकारी करीत, तेथे बहुधा त्यांस कोणी हात लावला नाही. यावरून आपले लोक सौम्य होते असा अर्थ काढणारे मला भेटले आहेत. मला तो अर्थ पुरेसा वाटत नाही. परका माणूस डोळ्यांत भरतो, गावचा भरत नाही. आणि ज्या कुळकर्ण्याच्या हातून रोखे लिहिले जात त्याच्याशी उद्याही काम पडणारच होते. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात कुळकर्ण्याच्या लेखणीस जे बोल लावले आहेत, ते आपल्या आजोबा-पणजोबांस रुचले नव्हते. रागावून का होईना, ते आपण वाचावे असे मी आमच्या घरी नेहमी सांगतो.

दंग्याचे फळ म्हणून १८७९ चा १७ वा कायदा झाला; तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्याने न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, कर्जापायी कुणब्यास तुरुंगात टाकणे बंद केले, आणि शेतकऱ्याचे दस्त गावनिबंधकापुढेच लिहिले जावेत असे ठरविले. याहूनही मला महत्त्वाची वाटते ती दुसरी तरतूद. पैसे भरले की पावती, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा, आणि मागेल त्याला पासबुक, हा शेतकऱ्याचा हक्क झाला. पासबुक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बँक येते. पण या मुलखातील कुणब्याला ते प्रथम कायद्याने मिळाले ते वाण्याच्या दुकानाचे. हिशेबाची एक प्रत देणाऱ्याच्या घरी आणि दुसरी घेणाऱ्याच्या घरी, इतकीच ती कल्पना. न्यायमूर्ती रानडे यांनी १८८७ पासून या कायद्याखालील खास न्यायाधीश म्हणून काम करताना असे कितीतरी व्यवहार तपासले. सावकारही स्वस्थ बसले नाहीत. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यावयाचे आणि परत देण्याचे तोंडी वचन द्यावयाचे, ही युक्ती निघाली. तोंडी वचनाचे पासबुक नसते.

दुकानाऐवजी पेढी असावी, हा विचार त्याच वेळी निघाला आणि तोही सुप्याच्या शेजारीच. विल्यम वेडरबर्न, जे पुढे दोनदा राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले, त्यांनी रानड्यांसारख्या पुणेकर मंडळींच्या सहकार्याने पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना आखली. जुनी कर्जे एकदा तडजोडीने मिटवून टाकावी आणि मग माफक व्याजाने नवे कर्ज द्यावे, असा तिचा बेत होता. भांडवल देणारे तयार होते, हिंदुस्थान सरकार अनुकूल होते. विलायतेतील स्टेट सेक्रेटरीने मोडता घातला. ती बँक निघालीच नाही. सासवडच्या रस्त्याने जाताना मला न झालेल्या त्या इमारतीची आठवण होते. त्यानंतर सहकारी पतपेढ्यांचा कायदा होण्यास १९०४ साल उजाडले. मुंबईची मध्यवर्ती सहकारी बँक १९११ ची, पुणे जिल्ह्याची १९१७ ची. एवढे होऊनही १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने जी पाहणी करविली, तीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास व सावकारांचा सत्तरीच्या घरात निघाला. धनंजयराव गाडगीळ त्या पाहणीच्या समितीवर होते. पंचाहत्तर वर्षे कायदे झाले, आणि ओटा होता तेथेच होता!

लहान गावांच्या बँकांचे म्हणाल तर त्यांचाही एक काळ होऊन गेला. सांगलीची सांगली बँक १९१६ ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ ची. तेथे व्यवस्थापक खातेदाराला नावाने ओळखत असे, आणि कित्येकदा त्याच्या वडिलांसही. पहिली २००७ साली व दुसरी २००६ साली मोठ्या बँकांत विलीन झाली. कऱ्हाडची बँक तर १९९२ च्या रोखे-घोटाळ्यात सापडून बुडाली. त्यांच्या हिशेबवह्यांचे काय होत असेल? बँकांनी कागद किती काळ जपावे याविषयी १९८५ चे नियम आहेत. काही वह्या पाच वर्षे आणि काही आठ वर्षे जपाव्या, एवढीच सक्ती. व्यवहाराला तेवढे पुरते, हे कबूल. परंतु यामुळे असे होते की, पेशवाईतील एखाद्या सावकाराने कोणास किती टक्क्यांनी पैसे दिले हे सांगता येते, आणि १९६० साली आपल्या तालुक्यातील पहिली विहिरीची मोटर कोणी कर्ज काढून बसविली हे सांगता येत नाही.

म्हणूनच घरातील कागदांचा प्रश्न उरतो, आणि तो आमच्या घरी सध्या तंट्याचा झाला आहे. आमच्याकडे दोन गावांचे कुळकर्ण होते. वतन १९५० च्या कायद्याने गेले. दप्तराचे तीन रुमाल माडीवर राहिले. माझे मोडी वाचन बरे असल्यामुळे सुप्याहून परतल्यावर त्यांतील एक मी सोडला. खतावणी निघाली. साऱ्याकरिता, बैलाकरिता, मुलीच्या लग्नाकरिता, अशी खाती; आणि एका खात्याखाली 'नथ एक, मोत्ये सात, गहाण' अशी नोंद. सोडविल्याची नोंद कोठे नाही. सायंकाळी ही गोष्ट मी सहज बोलून गेलो. थोरल्या काकूंनी उठून आपली पेटी उघडली, घराण्यातील जुनी नथ काढली आणि दिव्याशी धरून मोजली. मोत्ये नऊ भरली. नथ परत ठेवताना त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही कोणी बोललो नाही.

धाकटे बंधू म्हणतात, रुमाल रद्दीत द्या. जागा तरी मोकळी होईल. चुलतबंधूंचे म्हणणे निराळे व विचार करण्यासारखे आहे. त्या वहीतील कुळांचे नातू-पणतू अद्याप गावात आहेत; आपल्या पणजोबाने नथ गहाण टाकली होती हे चारचौघांत वाचले जावे असे कोणास वाटेल? आणि व्याजाचा दर वाचून लोक आपल्या घराण्यास काय म्हणतील? पुतण्याचा आग्रह असा की, हे कागद आपले एकट्याचे नाहीतच. वहीत जितके आमचे पणजोबा आहेत तितकेच ते कुणबीही आहेत, आणि त्या माणसांच्या घरी दुसरी प्रत नाही. सून त्याच्या बाजूची. शेवटी असे ठरले की, सर्व पानांची छायाचित्रे घरी काढून घ्यावी व मूळ रुमाल पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात द्यावे. राजवाडे व मेहेंदळे यांनी १९१० साली ते स्थापन केले ते अशाच कागदांसाठी. कुळांची नावे छापू नयेत, ही चुलतबंधूंची अट त्यासोबत लिहून द्यावयाची. आणि त्या कुळांच्या वारसांपैकी कोणी आपले खाते पाहावयास मागितले तर ते त्यास दाखविले जावे, ही पुतण्याची.

ज्या वाचकांच्या माळ्यावर असे रुमाल असतील त्यांच्यासाठी अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. दोरे कापू नयेत व कागदांचा क्रम मोडू नये; कोणता कागद कोणत्याशेजारी होता यावरूनही अर्थ लागतो. ऊन देऊ नये, चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकात बंद करू नये. जुन्या धुतलेल्या सुती लुगड्याचा तुकडा सर्वांत उत्तम. आणि एका चिठ्ठीवर गाव, घराणे व रुमाल कोठे सापडला हे लिहून वर बांधावे. आमचे तिन्ही बांधून तयार आहेत; पावसाळा उलटला की मंडळात पोहोचते करावयाचे आहेत.